मोजायच्या राहिलेल्या नऊ केबल्स

माझी सून माझ्या मुलापेक्षा हुशार आहे, हे मी त्यांच्या लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात घरात जाहीर करून टाकलं. मुलाने वाईट वाटून घेतलं नाही. तो दंतवैद्य आहे. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवायची आणि आपलं मिटून ठेवायचं, ही सवय त्याला घरीसुद्धा उपयोगी पडते.

सून आणि मी एकाच टेलिफोन कंपनीत आहोत. मी केबल विभागात एकतीस वर्षं काढली, खड्ड्यात उतरणाऱ्या पोरीपासून विभागप्रमुखापर्यंत. ती नियोजन विभागात, तिचं हे चौथं वर्ष. नियोजनवाल्यांना आमच्याकडे 'उंटावरचे' म्हणतात, कारण गार खोलीत बसून ते आमच्या शेळ्या हाकत असतात. सून मात्र पहिल्याच आठवड्यात बूट घालून माझ्या माणसांबरोबर चेंबरमध्ये उतरली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि वर येऊन म्हणाली, "ताई, नकाशात इथे पाणी दाखवलेलं नाही." ऑफिसात सगळे मला केबलताई म्हणतात, तीही ताईच म्हणते. घरी 'अहो आई'. मी तिला ऑफिसात मॅडम म्हणते, आणि ते म्हणताना माझी छाती किती फुगते ते लपवायचा मी कधी प्रयत्न केलेला नाही.

तिचं काम आधी सांगते. मला स्वतःला ते समजायला सहा महिने लागले, तेव्हा घाई नको. पूर्वी टेलिफोनच्या जाळ्यात प्रत्येक कामाला वेगळं यंत्र असे. फोन जोडणारं एक, घुसखोर अडवणारं दुसरं, व्हिडिओ पुरवणारं तिसरं. कपाटाएवढी यंत्रं, ज्या इमारतीत बसवली तिथेच म्हातारी होणार. आता ती सगळी कामं म्हणजे नुसते प्रोग्राम झालेत. साधे संगणक मांडून ठेवायचे, हवं ते काम हवं तिथे चालवायचं आणि उद्या वाटलं तर उचलून दुसरीकडे न्यायचं. आमची तेवीस केंद्रं आहेत आणि अशी कामं एकशे चाळीस. कुठलं कुठे ठेवायचं? लोकांच्या जवळ ठेवलं तर काम पटकन होतं, पण मग प्रत्येक केंद्रात यंत्रं चालू ठेवून वीज जाळावी लागते. एका जागी गोळा केलं तर वीज वाचते, पण ती जागा बंद पडली की सगळ्यांचीच बोंब. स्वयंपाकघर लावण्यासारखंच आहे हे. चहाचा डबा हाताशी हवा, पण सगळेच डबे हाताशी ठेवले तर चहा करायला ओटा उरत नाही.

फरक एवढाच, की सुनेच्या स्वयंपाकघराला तेवीस ओटे आहेत, आणि डबे लावायच्या तऱ्हा इतक्या, की एकेक बघत बसलं तर सात जन्म पुरायचे नाहीत. तिने त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. तो सगळ्या तऱ्हा बघत नाही, वाईट तऱ्हांच्या वाटेलाच जात नाही. त्याने जी मांडणी काढली तिच्यात आजच्या दोन तृतीयांश यंत्रांत सगळं बसत होतं. शिवाय तिचा एक कडक नियम होता. महत्त्वाच्या प्रत्येक कामाचं एक जुळं दुसऱ्या केंद्रात असलं पाहिजे, आणि त्या दोघांकडे जाणाऱ्या वाटाही वेगळ्या असल्या पाहिजेत. एक वाट तुटली तर दुसरी उरायला हवी.

ही मांडणी गुरुवारी मोठ्या साहेबांसमोर मंजुरीला जायची होती. मंजूर झाली तर सगळ्या जाळ्याची मांडणी सुनेच्या हाती येणार होती. नाही झाली तर बाहेरच्या कंपनीची तयार मांडणी विकत घ्यायची आणि सुनेचं दोन वर्षांचं काम कपाटात ठेवायचं. साहेबांचा ओढा बाहेरच्या कंपनीकडे होता, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

मंगळवारी संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि आम्हाला नकाशा दाखवायला बसली.

"हे बघा, नदीपलीकडची वस्ती. रुग्णवाहिका बोलवायचा नंबर फिरवला की जोडून देणारं त्यांचं यंत्र त्यांच्याच छोट्या केंद्रात आहे, पार म्हातारं झालंय. आता ते काम टेकडीवरच्या केंद्रात, आणि त्याचं जुळं बाजारातल्या केंद्रात. दोन्ही नदीच्या अलीकडे. पलीकडून एक वाट जुन्या पुलावरून टेकडीकडे येते, दुसरी बंधाऱ्यावरून बाजारात. दोन वाटांमध्ये चार किलोमीटरचं अंतर!"

"म्हणजे पूल पडला तरी दात दुखल्याचा फोन लागेल," मुलगा म्हणाला.

"दात दुखला म्हणून कुणी रुग्णवाहिका बोलवत नाही."

"माझ्याकडे आलेला एकजण रुग्णवाहिकेतूनच घरी गेला होता."

ती हसली. मी हसले नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण बंधाऱ्यावरून कुठलीही केबल जात नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी जाणार होती. आम्ही चर खणायला घेतला आणि खाली काळा खडक लागला. पलीकडच्या वस्तीला दुसरी वाट देण्याची तारीख तर जाहीर झालेली. तेव्हाचे साहेब म्हणाले, "तीन महिन्यांपुरती पुलावरच्याच नळीतून ओढून घ्या. मग सावकाश खडक फोडू. नोंद मात्र बंधाऱ्याची करा, नाहीतर पुन्हा मंजुरीच्या चकरा." मी नवीनच मुकादम झाले होते. दुसरी केबलही पुलावरच्या, पहिलीच्याच नळीत ओढून घेतली, रजिस्टरात 'मार्ग: बंधारा' असं लिहिलं आणि खाली सही केली. तीन महिने सरले, साहेब बदलून गेले, खडक जागच्या जागी राहिला.

त्यात कुणाचंच काही बिघडलं नाही. पलीकडच्यांचं यंत्र पलीकडे असल्यामुळे त्यांचा रुग्णवाहिकेचा फोन नदी ओलांडतच नव्हता. पण सुनेच्या मांडणीत तो नदी ओलांडणार होता. एखादा ट्रक पुलाच्या कठड्यावर आदळला, नळी फुटली, की दोन्ही वाटा एकदम जाणार आणि पलीकडच्या साठ हजार माणसांना रुग्णवाहिका बोलावता येणार नाही. माझी एकोणीस वर्षं झोपलेली लबाडी माझ्याच सुनेच्या हातून जागी होणार होती.

आता माझ्या सहीबद्दल. आत्मस्तुती वाटेल, वाटू दे. आमच्या विभागात नवीन इंजिनिअर आला की त्याला पहिल्याच दिवशी सांगतात, "केबलताईंची सही असेल तिथे खणून बघू नका, वेळ जाईल." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, दाराआड उभं राहून, दोनदा. लोक म्हणतात माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. असतोच. चुकीची नोंद आणणाऱ्या माणसाला मी असा काही झाडते, की तो पुढच्या वेळी मीटरच काय, सेंटीमीटरही मोजून आणतो. अशी मी, आणि निवृत्तीला माझे सात महिने उरलेले.

बुधवारी दुपारी मी एकटीच पुलावर गेले. वेडी आशा होती, की मधल्या काळात कुणीतरी केबल हलवली असेल. पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी आमचं लोखंडी कपाट आहे. कुलूप काढलं, आत बघितलं. दोन्ही केबल्स एकाच नळीतून बाहेर येत होत्या, गळ्यात गळा घालून. दुसरीला एक प्लास्टिकची चिठ्ठी बांधलेली होती. तिच्यावर 'तात्पुरती' असं लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. अक्षर तेव्हा फार छान होतं माझं. मी कपाट बंद केलं आणि कुलूप लावलं.

संध्याकाळी सून भाजी चिरत बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या पलीकडच्या वस्तीचं जुळं पलीकडेच ठेवलंस तर?"

"कारण?"

"मला आपलं बरं वाटतं."

"अहो आई, साहेबांना काय सांगू? सासूबाईंना बरं वाटतं म्हणून पलीकडे दोन यंत्रं जास्त लावली? त्यांना निमित्तच हवंय."

"पण वाटांचा काय भरवसा?"

तिने सुरी खाली ठेवली. "वाटांचा? एक्केचाळीस केबल्स आहेत. रजिस्टरवर माझा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून केबलमध्ये प्रकाश सोडून तिची लांबी मोजायचं यंत्र मागून घेतलं आणि पाच आठवडे हिंडले. सहा ठिकाणी रजिस्टर खोटं निघालं. बत्तीस मोजून झाल्या आणि यंत्र परत करायची तारीख आली. नऊ सोडाव्या लागल्या."

"कुठल्या नऊ?"

"त्यात काय विचारायचं? तुमची सही होती त्या." ती पुन्हा सुरी चालवायला लागली. "कुठल्या सोडायच्या ते ठरवायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही."

एवढं मोठं कौतुक माझं आयुष्यात कुणी केलं नव्हतं, आणि ते ऐकताना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मी सांगितलं. खडक, तारीख, नळी, सही, सगळं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "किती वर्षं?" मी म्हटलं, "एकोणीस." तिने हात पुसले, लॅपटॉप उचलला, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दार आपटलं नाही, याचंच मला जास्त लागलं. मुलाने काय झालं म्हणून विचारलं. मी त्याला उरलेली भाजी चिरायला बसवलं.

पाऊण तासाने ती बाहेर आली. डोळे लाल होते, पण आवाज कामाचा होता.

"एक ओळ बदलली. दोन केबल्स एका नळीत, म्हणजे वाट एकच. प्रोग्रामने जुळं पलीकडे नेलं. मला वाटलं होतं दोन यंत्रं वाढतील. पण त्याने पलीकडच्या लोकांची आणखी दोन कामं त्याच्या सोबतीला पाठवली, त्यामुळे बाजारातलं एक यंत्र मोकळं झालं. एकूण एकच वाढलं!" क्षणभर ती रागावल्याचं विसरलीच. मग आठवलं तिला. "उद्या ही सुधारित मांडणी म्हणून ठेवते. एका यंत्राचं कारण कुणी विचारणार नाही. तुमचे सात महिने राहिलेत. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. सत्काराची खुर्ची डोळ्यांसमोर आली, भाषणंसुद्धा ऐकू आली.

"आणि उरलेल्या आठ?" मी विचारलं.

"त्या खऱ्या आहेत ना?"

"अगदी खऱ्या आहेत."

"तुम्ही सांगताय म्हणून मी मानते, अहो आई." तिने पडद्याकडे बघितलं. "पण प्रोग्राममध्ये काय लिहू?"

तिला मला टोचायचं नव्हतं. ती खरोखरच विचारत होती. एका खोट्या सहीने माझ्या आठ खऱ्या सह्या फुकट गेल्या होत्या, आणि मी मूग गिळून गप्प बसले असते तर त्या कायमच्या फुकट गेल्या असत्या. शिवाय ज्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला पाच आठवडे पायपीट केली, तिला मी माझ्यासाठी लपवाछपवी करायला शिकवणार होते. माझा राग मोठा आहे, पण त्या दिवशी तो पहिल्यांदा योग्य माणसावर निघाला.

गुरुवारी अकरा वाजता चौदा माणसं लांब टेबलाभोवती बसली. सुनेने पहिलं चित्र पडद्यावर लावायच्या आत मी उभी राहिले.

"साहेब, मांडणी बघण्याआधी एक ऐका. पलीकडच्या वस्तीची दुसरी केबल बंधाऱ्यावरून जात नाही. ती पहिलीच्याच नळीत, पुलावर आहे. रजिस्टरातली नोंद खोटी आहे, आणि सही माझी आहे."

कुणीतरी खोकलं. मोठे साहेब पेनाचं टोपण काढत-घालत होते, ते थांबले.

"ताई, तुम्ही?"

"मीच. सांगितलं होतं दुसऱ्याने, पण हात माझाच होता."

तेवढ्यात सून उठली. "साहेब, चूक माझीही आहे. मी बत्तीस केबल्स मोजल्या आणि नऊ सोडल्या. त्या ताईंच्या सहीच्या होत्या म्हणून."

"सासूबाई म्हणून सोडल्यात?" साहेबांनी भुवया उंचावल्या.

"नाही साहेब. सासूबाईंनी केलेल्या भाजीत मीठ आहे की नाही, ते मी रोज चाखून बघते. केबलताईंची सही होती म्हणून सोडल्या."

टेबलाच्या त्या टोकाला कुणाला तरी हसू फुटलं. साहेबांना नाही फुटलं. त्यांनी विचारलं, बाहेरच्या कंपनीच्या मांडणीने ही गोष्ट पकडली असती का. सून म्हणाली, "नाही, तीही याच रजिस्टरवर चालली असती. आपल्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच, की आपल्याकडे उठून सांगणारं माणूस आहे." मी खाली बघितलं. चौदा माणसांसमोर रडायचं वय नव्हतं माझं.

निर्णय असा झाला. मंजुरी दोन आठवडे थांबली. राहिलेल्या सगळ्या केबल्स मोजायच्या. बंधाऱ्यावरून खरी केबल टाकायची, तिच्या नोंदीवर सही दुसऱ्या कुणाची तरी होईल. माझ्या सेवापुस्तकात लाल शाईने ठपका आला. आणि मंजुरीआधी एक चाचणी: पलीकडचं जुनं यंत्र बंद करून फोन नव्या मांडणीवर घ्यायचे, मग पुलावरच्या दोन्ही केबल्स मुद्दाम तोडून दाखवायच्या आणि पलीकडून रुग्णवाहिकेचा फोन लागतो का ते बघायचं.

उरलेल्या आठ केबल्स आम्ही दोघींनी मोजल्या. यंत्र मी उचलायची, आकडे ती वाचायची. पहिल्या दोन दिवसांत ती कामापुरतंच बोलली. मीही सवलत मागितली नाही. तिसऱ्या केबलला आकडा जुळला, चौथीला जुळला, पाचवीला तिने मला पाण्याची बाटली दिली. आठव्या केबलला रजिस्टरात सहा हजार दोनशे दहा मीटर होते. तिने पडदा बघितला, परत बघितला, आणि माझ्या माणसांसमोर, भर रस्त्यात म्हणाली, "अहो आई, एक मीटर जास्त भरतोय."

"उन्हाने ताणली असेल," मी म्हटलं.

ती इतकी हसली, की तिला चेंबरच्या काठावर बसावं लागलं. प्रोग्राममध्ये त्या आठ केबल्सपुढे तिने 'मोजून खात्री केली' असं लिहिलं. खाली मोजणाऱ्यांची नावं लिहिली, तिचं आणि माझं. ठपक्याचा कागद मी अजून नीट वाचलेला नाही, पण ही नोंद मात्र मी तिच्याकडून दोनदा उघडून घेतली.

चाचणी रविवारी सकाळी सात वाजता ठरली. पलीकडच्या लोकांना आधी कळवलं होतं: तीन मिनिटं जाळं बंद राहील. केबल्स कोण काढणार, साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, ज्या हातांनी बांधल्या त्याच हातांनी काढते.

सून पुलाच्या पलीकडच्या टोकाला उभी होती, हातात फोन घेऊन. फोन लागला की नाही हे ती मला फोनवरून कळवू शकणार नव्हती, नदी ओलांडणारी वाटच मी तोडणार होते. म्हणून ठरलं होतं, की लागला तर तिने दोन्ही हात वर करायचे. साहेब माझ्या शेजारी घड्याळ घेऊन उभे होते. ठपका देणारा माणूस, पण रविवारी सकाळी स्वतः आला होता, हे मी त्याच्या बाजूने मोजते.

सात वाजता मी कपाट उघडलं. पहिली केबल काढली. मग दुसरी. दोन्ही टोकं हातात धरली आणि पलीकडे बघितलं.

ती फोन कानाला लावून उभी होती. अजिबात हलत नव्हती. दोन वर्षांचं तिचं काम, साठ हजार माणसं, आणि मधे माझी एक जुनी सही. वीस सेकंद झाले. साहेब घशातून काहीतरी आवाज काढत होते. तीस सेकंद.

आणि तिचे हात वर गेले. दोन्ही. नुसते वर गेले नाहीत, ती उड्या मारायला लागली, शाळा सुटल्यासारख्या. उद्या सगळ्या जाळ्याची मांडणी जिच्या हाती येणार ती बाई पुलाच्या टोकावर दोन्ही हात हलवत नाचत होती, आणि तिला कोण बघतंय याची काही पडलेली नव्हती. नदीवरची वाट तुटली होती आणि तिकडचा फोन तिकडच्या तिकडे लागला होता. मला तिचा इतका अभिमान वाटला, की एकतीस वर्षांत स्वतःचा कधी तेवढा वाटला नव्हता. आणि मी काही कमी गर्विष्ठ बाई नाही.

"लागला!" साहेब म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं. "जोडा, ताई, जोडा आता परत."

"तीन मिनिटांची परवानगी आहे ना साहेब?"

"हो, पण काम तर झालं."

"मग थांबा," मी म्हटलं. "दोन मिनिटं शिल्लक आहेत. मला तिला बघू द्या."